चव्वेचाळीस किलो

पहाटे ४

तालमीची कडी काढली की माणसांच्या आधी वास भेटतो. ताक, तेल, हळद, कापूर आणि कित्येक वर्षांचा घाम. नव्या पोराला तो दोन दिवस सोसत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याच अंगाला येतो आणि मग त्याला जाणवेनासा होतो. मारुतीपुढं दिवा लावतो, हौद्याच्या काठाला हात लावून कपाळाला लावतो. मी इथला थोरला वस्ताद नव्हे. थोरले वस्ताद सत्तरी ओलांडलेले, खुर्चीत बसून नुसत्या खाकरण्यावर तालीम चालवतात. मी पोरांचा वस्ताद. पंधराच्या आतली बावीस पोरं माझ्या गळ्यात आहेत.

कोल्हापूरच्या तालमीत पोरगं दाखल झालं की आठवड्यात त्याचं नाव मागं पडतं आणि गाव पुढं येतं. म्हणून आमच्यात एक सांगोल्याचा आहे, एक पाटणचा, एक अक्कलकोटचा. आज रविवार, मॅटवरची पंधरा वर्षांखालची खुली स्पर्धा. आमची सात पोरं लढणार. सांगोल्याचा आणि पाटणचा दोघंही ४४ किलोत आहेत, म्हणजे पुढं कुठंतरी एकमेकांसमोर येणार. काल रात्रभर दोघं शेजारी शेजारी वळकट्या टाकून झोपले होते आणि त्याबद्दल एक अवाक्षर बोलले नव्हते.

मोठे पैलवान खोरी घेऊन हौद्यात उतरलेत. माती उकरणं ही मेहनतीचीच सुरुवात. त्यांच्यामागून अक्कलकोटचा गुडघ्यांवर सरकत चाललाय, उकरलेल्या मातीतून दोन्ही हातांची बोटं फिरवत. खडा शोधतोय. हरभऱ्याएवढा खडा सापडला की लंगोटाच्या काठात खोचतो आणि सगळे मिळून दाराबाहेर टाकतो. हे काम त्याला मी सांगितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका लहानग्याच्या पाठीत खडा रुतला होता आणि त्याला पाडणारा हाच होता. तेव्हापासून ही नेमणूक त्यानं स्वतःच करून घेतलीय.

५

जोर, बैठका, सपाट्या, मग लढती. आज स्पर्धेची पोरं फक्त अंग मोकळं करणार, बाकीच्यांना नेहमीची मेहनत.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही. ऐंशी किलोचा पैलवान तीस किलोच्या पोराला अंगावर घेतो तेव्हा त्याला पाडणं हे त्याचं काम नसतंच. त्याचं काम डाव बसू देण्याचं. बघणाऱ्याला वाटतं, तो लाडानं पडतोय. लाडानं पडणारा पोराचं नुकसान करतो. पोराला वाटतं, आपली टांग लागली, आणि जत्रेच्या मैदानात तीच टांग लावायला जाऊन तोंडावर आपटतं. जाणता पैलवान पोराच्या ताकदीला जेवढं तोडता येईल तेवढंच बळ लावतो. कंबर नीट आत आली नाही तर हलत नाही, खांबासारखा उभा. आली की मग जातो, पाठीवर, खऱ्यासारखा. हे जमायला वर्षं लागतात. मला चांगला पाडणारा पैलवान पाच-सहा वर्षांत घडवता येतो. चांगला पडणारा मात्र क्वचितच घडतो.

मेहनत संपली की मोठे पालथे पडतात आणि पोरं त्यांच्या पोटऱ्यांवर, पाठीवर उभी राहून पाय देतात. त्या बदल्यात मोठ्यांनी कुंडीत बदाम घोटायचे आणि पहिला पेला पोरांचा, हा इथला जुना करार. आज वजनामुळं सातजण थंडाईला शिवले नाहीत. त्यांच्या देखत बाकीच्यांनीही पेले उचलले नाहीत. कुंडी झाकून ठेवली.

६.३०

टेम्पोत बसायच्या आधी हात पुढं. नखं बघतो. मॅटवर वाढलेली नखं चालत नाहीत, पण मला नियमाचं एवढं नाही. समोरच्याच्या गळ्यावर ओरखडा उठला तर ती कुस्ती नव्हे, मांजरांचं भांडण. नेलकटर एकच आहे, साखळीला अडकवलेला. तो सांगोल्याच्याकडं दिला. कान, पायाच्या बोटांमधली कातडी, मान हेही बघून घेतलं. एखाद्याला नायटा निघाला तर त्याला घरी ठेवणं हे त्याच्यावरही उपकार आणि समोरच्यावरही.

सांगोल्याच्याच्या बापाचा फोन. त्याचं दुखणं जुनं आहे. पोरगं महिन्यापूर्वी ४२ भरत होतं, किलोभर उतरवून ४१ मध्ये घातलं असतं तर पदक हमखास होतं, मी ४४ मध्ये नाव देऊन वाटोळं केलं. बापाचा हिशोब चुकीचा नाही. पण चौदा वर्षांच्या वाढत्या पोराला दोन दिवस उपाशी ठेवून, स्वेटरवर स्वेटर चढवून पळवायचं, हे मी करत नाही. इतर काही वस्ताद करतात, मीही पूर्वी केलंय. “बरं बरं,” म्हणून फोन ठेवला.

८

वजनाची रांग. नोव्हेंबरातली थंडी, फरशीवर शंभरेक पोरं चड्डीवर उभी, सगळ्यांच्या अंगावर काटा. डॉक्टर कातडी बघतात, पंच नखं बघतात. सांगोल्याच्याच्या पुढं शाहूवाडीकडचा एक किडकिडीत पोरगा होता. बरोबर कुणी नाही. शिक्षक येणार होते, त्यांच्या घरी काही अडचण निघाली, म्हणून पहिल्या यष्टीनं एकटाच आलेला. पंचांनी त्याचे हात उलटे केले आणि बाजूला काढलं. “कापून ये.”

पोरगा इकडं तिकडं बघू लागला. सांगोल्याच्यानं साखळीचा नेलकटर काढून दिला. पण त्याचे हात थंडीनं म्हणा, उपाशीपोटी म्हणा, इतके थरथरत होते की कटर नखाला लागेना. डाव्या हातानं उजवी नखं कापायची तर आणखी बोंब. मग सांगोल्याचा फरशीवर उकिडवा बसला, त्याचा पंजा आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेक बोट धरून नखं कापू लागला. आई लहान पोराची कापते तशी, टोकं राहू नयेत म्हणून दोनदा फिरवून.

“किती किलोत?” यानं मान वर न करता विचारलं.

“चव्वेचाळीस.”

सांगोल्याचा क्षणभर थांबला. मग म्हणाला, “ह्यो अंगठा दे.”

९.१५

वजनं झाली. केळी, उकडलेली अंडी, दूध. कुंडीतली झाकलेली थंडाई किटलीतून आणलेली, ती आत्ता निघाली. शाहूवाडीच्या पोराच्या पिशवीत भाकरी आणि लसणाची चटणी होती. त्याला दोन केळी मिळाली आणि आमच्यातल्या चौघांनी त्याची निम्मी भाकरी संपवली. व्यवहार कुणाच्या फायद्याचा झाला हे मी सांगत बसत नाही. तालमीतली पोरं घरच्या भाकरीसाठी काय वाटेल ते देतील.

१०

मॅट दोन. अकरा वाजता तिसरी टाकणार होते, ती शेवटपर्यंत आली नाही.

मातीत सलामी असते. वाकून चिमूटभर माती घ्यायची, समोरच्याच्या अंगावर टाकायची, हात मिळवायचा. घामानं निसटणाऱ्या अंगाला धरायला मूठ मिळावी हा त्यातला सरळ उपयोग. म्हणजे मला धरणं तुला सोपं जावं याची तजवीज मीच करायची. मॅटवर माती नाही, पण तिथला नियमही वाईट नाही. कुस्ती संपली की आधी प्रतिस्पर्ध्याचा हात, मग पंचांचा, मग समोरच्या पोराच्या वस्तादाचा. हा शेवटचा हात पोरांना फार जड जातो. हरलेलं पोरगं डोळे पुसत, तापल्या तव्याला लावावा तसा हात लावून पळतं. मी तालमीत याचाही सराव घेतो. खोटं हरायचं, उठायचं, चालत यायचं, हात धरायचा, तोंडाकडं बघायचं. पोरं हसतात. हसू देत.

कपड्यांचं म्हणाल तर लाल एक, निळं एक अशा दोन कॉश्च्युमांवर आमची सातजणं निभावतात. एकाची कुस्ती संपली की तो कोपऱ्यात सोलून काढतो आणि दुसरा तेच ओलं अंगावर चढवतो. बुटांचंही तसंच. पलीकडच्या मॅटवर एक पोरगा ज्याच्याशी हरला त्यालाच पुढच्या फेरीसाठी आपले बूट देत होता. विजेत्याच्या बुटाचा तळ सुटला होता. देणाऱ्याच्या तोंडावर काही मोठेपणा नव्हता. उलट तो वैतागला होता, कारण नाडीची गाठ निघत नव्हती.

मुलींच्या बाजूला दोघी पाठमोऱ्या बसलेल्या दिसल्या. पुढची मागचीकडून वेणी आवळून घेत होती. मग जागा बदलल्या. थोड्या वेळानं दोघी मॅटवर आल्या, एक लाल, एक निळी, आणि एकमेकींवर अशा तुटून पडल्या की वेणी घट्ट घातल्याचा फायदा दोघींनाही झाला. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून पोरींच्या वजनाची रांग लांब होत चाललीय.

शाहूवाडीच्याची पहिली कुस्ती लागली तेव्हा त्याच्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसलो. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, डाव तर नाहीच. “डावा पाय पुढं टाकू नको,” एवढं एकच चार मिनिटं सांगत होतो. जिंकला.

११.४०

आता अक्कलकोटचा. ४८ किलो, उपांत्यपूर्व फेरी. चार-तीननं पुढं, शेवटची तीस-पस्तीस सेकंदं. समोरच्याला खाली घेतलेलं, त्याचा हात मागून उचलून त्याला पाठीवर वळवायला निघालेला. झालीच होती कुस्ती. तेवढ्यात खालच्या पोराच्या तोंडून बारीकसं “आई” निघालं. पंचांना ते ऐकू गेलं नसावं, शिट्टी वाजली नाही. अक्कलकोटच्यानं हात सोडला. नुसता सोडला. खालचा फिरला, वर आला, एक गुण. पुढच्या पाच सेकंदांत ह्यालाच पाठीवर घेतलं, आणखी दोन. सहा-चार. वेळ संपली.

माझ्या तोंडून शिवी गेली. ती अक्कलकोटच्यानं ऐकली. लिहायला लाज वाटते, पण गेली हे खरं.

पोरगं माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. “वस्ताद, त्याचा खांदा वाजला.”

“शिट्टी झाल्यावर सोडायचं असतं,” मी म्हणालो.

नियमानं मी बरोबरच होतो. ते गेलं आणि मी पाणी प्यायला बाहेर आलो. मी एकोणीस वर्षांचा असताना एका जत्रेत माझी कुस्ती लागली होती. हलगी टिपेला, फेटेवाले आखाड्याच्या कडेला उभे. समोरच्याचा हात माझ्या बगलेत होता आणि आत काहीतरी चरकलेलं मला समजलं होतं. कानांना नव्हे, माझ्या बरगडीला समजलं. पैलवानाला समोरच्याच्या अंगातलं असं सगळं कळतं. शिट्टी झाली नव्हती. मी सोडला नाही. चीतपट झाली, लोकांनी मला खांद्यावर घेतलं, पागोट्यातून नोटा आल्या. तो परत कधी आखाड्यात दिसला नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो असं नंतर ऐकलं, डाव्या हातानं कोयता चालवतो. त्या दिवशीही नियमानं मी बरोबरच होतो.

आत गेलो. अक्कलकोटचा त्या पोराशेजारी बसून त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून होता. मला बघून त्यानं पिशवी खाली ठेवली. मी ती उचलून परत त्याच्या हातात दिली. यापेक्षा जास्त बोलणं मला जमलं नाही.

दुपारी १

जेवण. मसालेभात आणि पातळ ताक. शेजारी साताऱ्याकडचे एक वस्ताद बसले होते, गप्पा शाहूवाडीच्या एकट्या पोरावरून खाशाबांवर गेल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी ऑलिम्पिक, १९५२. कांस्यपदकाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, हेही पोरं भाषणात म्हणतात. पण आम्हा कोपऱ्यात बसणाऱ्या लोकांना त्यातली वेगळीच गोष्ट टोचते. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच रशियाच्या मामेदबेकोव्हपुढं उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसाव्याचा नियम होता, असं सांगतात. पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं जागेवर नव्हता. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोव्हला रौप्य.

“एक माणूस पायजे हुता,” साताऱ्याचे वस्ताद म्हणाले. “नुसता खुर्चीत बसलेला.”

मग ताक ओतून घेत म्हणाले, “तुमचा सांगोल्याचा आणि ते शाहूवाडीचं समोरासमोर आल्यात न्हवं उपांत्य फेरीत? तुम्ही तुमच्या पोराकडं बसा. मी जातो तिकडं.”

२.१५

सांगोल्याच्यानं शाहूवाडीच्याला हरवलं, नऊ-दोन. दया वगैरे काही नाही, आणि ती मला चाललीही नसती. सकाळी ज्या बोटांची नखं कापली तीच बोटं त्याच्या मनगटावर आवळलेली होती. त्यानं ती एकेक करून सोडवली आणि पट काढला. संपल्यावर शाहूवाडीचा माझ्याकडं हात मिळवायला आला. माझ्याच पोराशी हरलेला, सकाळी मीच ज्याच्या कोपऱ्यात बसलेला. त्यानं हात नीट धरला, तोंडाकडं बघितलं. आमच्या पोरांना महिनाभर शिकवून जे येत नाही ते याला कुणी शिकवलं, देव जाणे.

४

अंतिम फेरी. सांगोल्याचा आणि पाटणचा. मी कुणाच्याच कोपऱ्यात बसणार नाही, असं दोघांना सांगून वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

आता एक तक्रार. ७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम कुस्ती त्याच्याच तालमीतल्या शैलेश शेळकेशी, दोघंही काका पवारांचे पठ्ठे. तीन-दोन अशी घासून झाली. आणि जिंकल्यावर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, इथं जिंकलेल्यानं हरलेल्याला घेतलं. ते बघून माझ्यासारख्या रेड्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण तेव्हापासून जिकडं तिकडं पोरं हरलेल्याला उचलायला लागलीत. बापानं मोबाइल धरला की उचल. मागं एका मैदानात सत्तावन्न किलोच्या पोराला उचलायला जाऊन दोघंही पालथे झाले आणि जिंकलेल्याचा दात पडला. हर्षवर्धन आणि शैलेशचं वेगळं होतं. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली, एका हौद्यात लोळलेली माणसं. हरलेल्या चौदा वर्षांच्या पोराला त्या घडीला उचलून चारशे लोकांना दाखवलेलं आवडेल का, हे कोण विचारतो? बहुतेकांना आवडत नाही. त्यांना जमिनीत जायचं असतं.

पाटणच्याच्या कोपऱ्यात साताऱ्याचे वस्ताद बसले. सांगोल्याच्याच्या कोपऱ्यात बघतो तर शाहूवाडीचा. गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची बाटली, खुर्चीच्या टोकावर. पंचांनी त्याला उठायची खूण केली. तो उठला आणि खुर्चीमागं उभा राहिला. पंचांनी दोनदा बघितलं आणि शिट्टी तोंडात घातली.

कुस्ती तशी बघण्यासारखी नव्हती. दोघांना एकमेकांचे डाव पाठ. हा टांगेला आला की तो आधीच सरकलेला, तो घिस्सा मारायला निघाला की ह्याची मान आधीच वर. पाटणच्याला पहिल्या फेरीत एक गुण, दुसरीत दोन. त्यानं तीन-एक अशी मारली.

हात वर झाला. सांगोल्याचा मॅटच्या कडेला जाऊन टॉवेलात तोंड घालून बसला. त्याचा बाप आला नव्हता, पण ओळखीचे दोघं-तिघं मोबाइल वर करून पुढं सरकले. “उचल रे त्येला! उचल की!” कुणीतरी ओरडलं.

पाटणच्यानं उचललं नाही. तो चालत गेला आणि सांगोल्याच्याच्या पुढ्यात, त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर. घामानं थबथबलेलं लाल कॉश्च्युम, छाती वरखाली होतेय, तोंड मोबाइलवाल्यांकडं. त्यांना फोटोत फक्त तोच दिसत होता. जरा डावीकडं सरकले तर तोही डावीकडं सरकला. बक्षिसासाठी नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी हलला नाही. मागून टॉवेलातून नाक शिंकरल्याचा आवाज आला, सांगोल्याचा उठला, तेव्हा तो बाजूला झाला.

सायंकाळी ७

तालीम. एक सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. कांस्य ६२ वाल्याचं, त्याच्याबद्दल सांगायचं राहूनच गेलं. तोही कधी तक्रार करत नाही. थोरल्या वस्तादांच्या पाया पडले. वस्तादांनी सुवर्ण हातात घेतलं, वजन केल्यासारखं हलवलं आणि पाटणच्याला म्हणाले, “मान अजून कच्ची हाय.” सांगोल्याच्याला काहीच म्हणाले नाहीत, पण रात्री तूप वाढताना त्याच्या भातावर पळी दोनदा उपडी झाली. सांगोल्याच्याच्या बापाचा फोन तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा मी उचलला. “व्हय, रौप्य. व्हय, चव्वेचाळीसमध्येच. न्हाई, आता जेवतोय त्यो.”

अक्कलकोटचा माती सारखी करत होता. पाणी शिंपडून, पायानं दाबून. खडे शोधायला उजेड पुरत नव्हता, म्हणून ते त्यानं पहाटेवर ठेवलं. मी दोन शब्द बोलायचं ठरवून त्याच्यापाशी गेलो आणि शेवटी त्याच्या हातातली बादली घेऊन उरलेलं पाणी मीच शिंपडलं.

९

दिवे मालवायच्या आधी खर्चाची वही. टेम्पो, केळी चार डझन, अंडी, चिकटपट्टी, बर्फ. सामानाची पिशवी तपासली तर साखळी होती, तिला काही लटकत नव्हतं.

“नेलकटर कुठाय?”

अंधारातून सांगोल्याच्याचा आवाज आला. “त्येच्याकडं ऱ्हायला, वस्ताद.”

“ऱ्हायला का दिला?”

वळकटीत जरा हालचाल झाली. पाटणचा खुसखुसला.

“त्येच्याकडं न्हवता,” सांगोल्याचा म्हणाला.

वहीत शेवटची ओळ लिहिली. नेलकटर १, ४० रुपये. उद्या आणणे.